देवरे बाईंचा तह

आमच्या शाळेत देवरे बाईंच्या तासाला ‘जर’ म्हणायची सोय नव्हती. एखाद्या चुणचुणीत मुलाने हात वर करून, “बाई, जर पानिपतावर मराठे जिंकले असते तर काय झालं असतं?” असं विचारलं की बाई हातातला खडू ठेवायच्या, चष्मा काढून पदराने पुसायच्या, पुन्हा घालायच्या आणि म्हणायच्या, “घडलं नाही ते परीक्षेत येत नाही. पुढे लिहा.” मग सगळा वर्ग मान खाली घालून पुढे लिहायचा.

हे मी ऐकीव सांगत नाही. गंगापूर रोडच्या त्या शाळेत मी संगणक शिकवायचो आणि माझी लॅब नववी ‘अ’च्या वर्गाला चिकटून होती. मध्ये भिंत म्हणून प्लायवूड ठोकलेलं. त्यामुळे मी तीन वर्षं पलीकडे बसून फुकटात इतिहास ऐकला. स्वतः शाळेत होतो तेव्हा त्या विषयात कसाबसा पास व्हायचो, पण बाईंच्या कृपेने आजही मला पहिल्या महायुद्धाची कारणं क्रमाने सांगता येतात. कोणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी.

बाई उंचीला बेताच्या, सावळ्या, अंगाने काटक. सुती साडी, बारा महिने तेरा काळ हातात काळी छत्री. वर्गात आल्या की छत्री फळ्याच्या कोपऱ्यात टेकवायच्या. मग फळ्यावर डावीकडे तारीख, उजवीकडे हजर मुलांची संख्या, मध्ये धड्याचं नाव आणि त्याखाली रेघ. रेघ वाकडी आली तर पुसून पुन्हा. नकाशा शिपायाला आणू द्यायच्या नाहीत. तो नकाशा दुमडतो, आणि नकाशा गुंडाळायचा असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. स्वतः खांद्यावर टाकून जिन्याने वर यायच्या आणि वाटेत कोणी मदतीला हात पुढे केला तर “राहू द्या” म्हणून पुढे जायच्या.

मधल्या सुट्टीत त्या स्टाफरूममध्ये बसत नसत. नववी ‘अ’ रिकामा झाला की तिथेच दुसऱ्या बाकावर डबा उघडायच्या. कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा, एखाद्या दिवशी वांग्याचं भरीत. समोर रिकामा फळा, मागे रिकामे बाक. एकदा मी दारातून विचारलं, “बाई, एकट्याच?” तर म्हणाल्या, “स्टाफरूममध्ये जेवताना बोलावं लागतं.” मला वाटलं, बाईंना माणसं आवडत नाहीत. त्या वयात माणसाला बऱ्याच गोष्टी चटकन कळल्यासारख्या वाटतात.

त्यांचा आणखी एक नेम होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. प्रश्नपत्रिका काढताना त्या पुस्तक उघडत नसत. फुलस्केप कागद घ्यायचा, समास आखायचा आणि एका बैठकीत, एकही खाडाखोड न करता, सगळे प्रश्न गुणांसकट लिहून काढायचे. “ज्याला प्रश्न काढायला पुस्तक लागतं,” त्या म्हणायच्या, “त्याने उत्तरं तपासू नयेत.” बाकीचे इतिहास-भूगोलवाले हे ऐकून इकडेतिकडे बघायचे.

बाई सटाण्याकडच्या. नोकरीसाठी आईला घेऊन नाशकात आल्या आणि पंचवटीत एका गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन राहिल्या. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची शाळेत कोणाची छाती नव्हती. मी शाळेत लागलो त्याच्या आदल्या वर्षी आई गेल्या. गावाकडे भाऊ होता, भाचे होते, पण त्यांचं येणं लग्नपत्रिका देण्यापुरतं. सुट्टी लागायची म्हटलं की आमचे चेहरे खुलायचे आणि बाईंचा उतरायचा. दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा त्या एकदोनदा येऊन शिपायाला नकाशांची खोली उघडायला लावायच्या. नकाशांना हवा लागली पाहिजे, हे कारण. आणि बाईंच्या निवृत्तीला तेव्हा तीनच वर्षं उरली होती.

मी स्वतः शाळेत कंत्राटी होतो. दर जूनमध्ये नवीन ऑर्डर हातात पडेपर्यंत नोकरीचा भरवसा नसायचा. मला सगळे ‘कॉम्प्युटर सर’ म्हणायचे. माझं आडनाव मस्टरवर सोडून कुठे वापरात नव्हतं. राहायला मी देवळाली कॅम्पला, आईवडिलांकडे. शाळा सुटल्यावर मला सोयीची बस मिळेपर्यंत तासभर मोकळा असायचा. त्या तासात मी काय करायचो, तर शाळेच्या मशीनवर गेम खेळायचो. मशीनवर खेळ टाकायचे नाहीत अशी मुख्याध्यापकांची सक्त ताकीद होती. म्हणून मी तो चार नंबरच्या मशीनवर, एका कंटाळवाण्या नावाच्या फोल्डरमध्ये लपवला होता.

गेम नकाशाचा होता. पहिलं महायुद्ध संपलंय, पण आपल्या पुस्तकात संपतं तसं नाही. कोणीच जिंकलेलं नाही. दोन्ही बाजू लढून लढून थकल्या आणि जिथे उभ्या होत्या तिथेच थांबल्या. त्यातून युरोपात पंधरावीस लहान लहान देश झालेत, जे कधी कुठल्या पुस्तकात नव्हते. त्यातला एक देश आपण घ्यायचा आणि चालवायचा. धान्य, रेल्वे, कारखाने, सैन्य, शेजाऱ्यांशी करार. एक चाल म्हणजे एक महिना. मी दर वेळी मोठा देश घ्यायचो, सैन्य जमवायचो आणि बस यायच्या आत शेजाऱ्याची राजधानी घ्यायचो.

एका संध्याकाळी बाई गुणपत्रिकेचा कागद छापून मागायला आत आल्या आणि माझ्या पाठीमागे उभ्या राहिल्या. मला चाहूल लागली नाही.

“हा नकाशा चुकीचा आहे,” बाई म्हणाल्या.

मी दचकून उठलो. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. पडद्यापासून वीतभर अंतरावर वाकून त्या बोटाने दाखवत होत्या. “ही सीमा इथे नव्हती. आणि हा कुठला देश? असा देश नाही. कंपनीला पत्र टाका.”

मी त्यांना सांगितलं, की हे मुद्दाम केलंय. युद्ध बरोबरीत सुटलं असतं तर काय झालं असतं, असा हा खेळ आहे. ‘असतं तर’ हे शब्द तोंडातून गेल्यावर मला वाटलं, आता चष्मा निघणार. चष्मा निघाला, पुसला गेला, पुन्हा लागला.

“म्हणजे कोणी जिंकलंच नाही?”

“नाही.”

“आणि युद्धात मेलेले?”

“ते मेलेच, बाई.”

“म्हणजे तेवढं बदललं नाही,” असं म्हणून त्या गुणपत्रिका घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर छत्री घेऊन पुन्हा हजर. “मला तो दाखवा,” म्हणाल्या, आणि चार नंबरच्या मशीनसमोर अशा बसल्या की जणू शाळा तपासणीला आल्यात.

बाईंनी देश निवडला तो सगळ्यात बारका. तारोनिया. चारी बाजूंनी डोंगर, समुद्र नाही, खाण नाही, बटाटे आणि मेंढ्या. मी म्हटलं, “बाई, हा देश दोन वर्षांत संपतो. कोणी घेत नाही तो.” बाई म्हणाल्या, “म्हणूनच.”

माऊस धरायला त्यांना आठवडा लागला. इंग्रजी वाचायला शब्दकोश लागायचा, तोही त्या घरून पिशवीतून आणायच्या. शेजारी दोनशे पानी वही. तिच्यात एका बाजूला महिना, दुसऱ्या बाजूला धान्याचा साठा, आणि मंत्र्यांची नावं. गेमने दिलेली परदेशी नावं त्यांना लक्षात राहायची नाहीत, म्हणून त्यांनी सगळ्या मंत्र्यांना गावाकडची नावं दिली होती. शेतीमंत्री दगाजी, रेल्वेमंत्री बापू. पहिल्याच वर्षी त्यांनी सगळा पैसा घालून प्रत्येक प्रांतात शाळा काढली. या गेममध्ये शाळेचा काडीचा उपयोग नसतो. मी तसं सांगितलं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

वर्गात बाईंचं मराठी इतकं शुद्ध, की इन्स्पेक्टरही सांभाळून बोलायचे. पण गेममध्ये शेजारचा राजा दूत पाठवून धमकी द्यायला लागला, की बाईंच्या तोंडून थेट अहिराणी यायची. “तुले काय कमी शे रे भो? एवढा मोठा मुलूख शे तुना. कसाले उगा भांडस?” दूत पडद्यावर आपला मिशीला पीळ देऊन उभा. मी पाठीमागे तोंड दाबून हसायचो. आई गेल्यापासून बाईंना अहिराणी बोलायला घरात कोणी उरलं नव्हतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

हवा पडलेली असली की देवळालीच्या रेंजवरच्या, लष्कराच्या सरावाच्या तोफांचा आवाज तिथपर्यंत यायचा. लांबून, दबका. खिडकीची काच जराशी हलायची. कॅम्पात वाढलेला असल्याने मला तो ऐकूच यायचा नाही. बाई मात्र हात थांबवून म्हणायच्या, “त्यांचं सुरू झालं,” आणि मग पुन्हा बटाट्यांचा हिशेब बघायच्या.

तीन वेळा तारोनिया बुडाला. तिसऱ्यांदा राजधानी पडली तेव्हा बाई छत्री घेऊन उठल्या आणि दोन दिवस लॅबकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या, नवीन वही काढली, समास आखला आणि पुन्हा पहिल्या महिन्यापासून सुरुवात.

माझी यात एकच अडचण होती. कॉम्प्युटर सर हजर असल्याशिवाय लॅब उघडी ठेवायची नाही, असा नियम. त्यामुळे बाई खेळणार म्हणजे मला थांबणं आलं. माझी सोयीची बस जायची, मग गर्दीची यायची, आणि मी दाराशी स्टुलावर किल्ली बोटात फिरवत बसायचो. कधी वर्तमानपत्र वाचायचो, कधी बाईंना उगाच सल्ला द्यायचो. सहा वाजले की मोठ्याने घड्याळाकडे बघायचो. मोठ्याने बघता येतं. स्टूल सरकवायचं, खाकरायचं. मग बाई म्हणायच्या, “झालंच, सर. एवढा महिना संपवते.” महिना संपला की पुढचा महिना सुरू व्हायचा. घरी आईने उशिराचं कारण विचारलं की मी सांगायचो, एक म्हातारी शिक्षिका आहे, तिला घरी जायचा कंटाळा आहे. बोलताना मला ते विनोदी वाटायचं.

शेवटचं वर्ष सुरू झालं तेव्हा बाईंनी संस्थेच्या समितीकडे अर्ज केला. निवृत्तीनंतर रोज शाळेत येऊन वाचनालय आणि नकाशांची खोली सांभाळीन, मोबदला नको, फक्त बसायला एक टेबल असावं. मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, हे काय, तुमचीच शाळा आहे. सहामाहीनंतरच्या बैठकीत होऊन जाईल.” बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्या जरा हसल्याही. निवृत्तीनंतरच्या जून महिन्याचं त्यांच्या मनात किती भय बसलं होतं ते मला त्या हसण्यावरून कळलं. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “पुढच्या वर्षीही लॅब उघडी असेल ना?” मी म्हटलं, “माझी ऑर्डर आली तर.”

त्याच पावसाळ्यात एका गुरुवारी तारोनियाचं नशीब फळफळलं. ब्रेनवाल्ड नावाच्या गावात, अर्थात गेममधल्या, पाच शेजाऱ्यांची परिषद भरली. गेममधले आठ महिने बाई त्यासाठी धान्य पाठवत होत्या, दूत पाठवत होत्या, रस्ते बांधून देत होत्या. आणि पाचही जणांनी सही केली. सैन्य निम्म्यावर आणायचं, नद्या सगळ्यांच्या, दुष्काळात एकमेकांना धान्य द्यायचं, कैद्यांना घरी पाठवायचं. मी हा गेम दोन वर्षं खेळत होतो, पण असं काही त्यात होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. मी सगळे तह मोडण्यासाठीच करायचो. बाईंनी शब्दकोश उघडला आणि तहाच्या अटी एकेक करून वहीत मराठीत उतरवल्या. अगदी त्यांच्या पद्धतीने: मध्ये मथळा, खाली रेघ, मग आकडे घालून मुद्दे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. तिथे त्या एरवी पाऊलही टाकत नसत, त्यामुळे सगळे चकित. कशाचे पेढे म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “मिटलं एकदाचं.” भूगोलाच्या बाईंनी नंतर सगळ्यांना सांगितलं की गावाकडे भावाशी जमिनीचा वाद होता, तो मिटलेला दिसतो. मी पेढा खाल्ला आणि दुसरा उचलला. मला फार मजा वाटली.

पुढच्या आठवड्यात बाईंनी सहामाहीची प्रश्नपत्रिका काढली. नेहमीप्रमाणे पुस्तक न उघडता, एका बैठकीत, खाडाखोड न करता. ती छापली गेली, वाटली गेली, नववीच्या तिन्ही तुकड्यांनी पेपर लिहिला. प्रश्न चौथा, पोटप्रश्न दुसरा: ‘ब्रेनवाल्डच्या तहातील प्रमुख अटी लिहा. चार गुण.’

कोणाच्याही लक्षात आलं नाही. परीक्षेला वर्गावर असलेल्या शिक्षकांच्या नाही, मुख्याध्यापकांच्या नाही. मुलांनी बिनदिक्कत उत्तरं लिहिली. कोणी लिहिलं, या तहाने जर्मनीला जबर दंड भरावा लागला. कोणी लिहिलं, या तहामुळे मराठ्यांची सत्ता उत्तरेत वाढली. एकाने लिहिलं, ‘हा तह ब्रेनवाल्ड या ठिकाणी झाला. म्हणून त्यास ब्रेनवाल्डचा तह असे म्हणतात. त्याच्या अटी फार महत्त्वाच्या होत्या. त्या सर्वांनी मान्य केल्या.’

आणि बाई ते तपासत होत्या. निम्मा गठ्ठा तपासून झाला होता. ‘सैन्य कमी करावे’ असं ज्यांनी अंदाजाने ठोकलं होतं त्यांना त्यांनी एकेक गुणही दिला होता. मग एका मुलीचा पेपर आला. तिने त्या प्रश्नाखाली स्वच्छ अक्षरात एकच ओळ लिहिली होती: ‘बाई, हे आपल्याला शिकवलेले नाही.’

हे मला बाईंनीच सांगितलं, लॅबच्या दारात उभं राहून. आत आल्या नाहीत. आवाज एकदम बारीक झाला होता. “सर, मी चार गुणांचा प्रश्न घातला त्याचा,” त्या म्हणाल्या. “घडलेलं आहे असं समजून घातला.” मला आधी हसू आलं. खरं सांगतो, आलं. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ते आतच राहिलं.

बाकी कोणी शिक्षक असता तर त्याने तो प्रश्न सगळ्यांना चार गुण देऊन गिळला असता. नववीची सहामाही कोण बघतंय? बाई दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आधी गठ्ठा घेऊन मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये गेल्या. मी तिथेच होतो, त्यांचा प्रिंटर अडकला होता म्हणून टेबलाखाली वाकलेला.

“माझ्याकडून चूक झाली,” बाई म्हणाल्या. “असा तह झालेला नाही. तो प्रश्न रद्द करावा.”

मुख्याध्यापकांनी प्रश्नपत्रिका दोनदा वाचली. “मग हा आला कुठून, बाई?”

मी टेबलाखालून वर आलो. माझ्या हातात प्रिंटरचा चुरगळलेला कागद होता. बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही.

“मनातून,” त्या म्हणाल्या.

मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हता. त्यांनी बाईंना बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि फार हळू आवाजात बोलायला लागले, आजारी माणसाशी बोलतात तसं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही. बाई गेल्यावर ते मला म्हणाले, “वाईट वाटतं हो. इतकी हुशार बाई. आई गेल्यापासून एकट्या राहतात. डोक्यावर परिणाम होतोच.” मी म्हणायला हवं होतं, की सर, त्यांच्या डोक्याला काही झालेलं नाही, तो तह चार नंबरच्या मशीनमध्ये आहे आणि तो मी तिथे टाकलाय. हे एवढंच वाक्य होतं. पण जूनमध्ये मला कायम करायचं घाटत होतं, घरी माझ्या लग्नाचं बघत होते, आणि माझ्या तोंडून निघालं ते असं, “सर, कागद निघाला. आता चालेल प्रिंटर.”

त्याच दुपारी मी तो गेम काढून टाकला. तारोनिया, दगाजी, बापू, सगळ्या प्रांतांतल्या शाळा. दोन बटणं दाबायचं काम.

समितीची बैठक झाली. संस्थेची पत्रं माझ्याकडेच टाइप व्हायला यायची, तसं हेही आलं. ‘आपली प्रदीर्घ सेवा व सध्याची प्रकृती लक्षात घेता निवृत्तीनंतर आपण संपूर्ण विश्रांती घेणे उचित ठरेल, असे समितीचे मत आहे.’ ‘प्रकृती’मधली वेलांटी आधी चुकली होती, ती मी दुरुस्त केली. बाईंना चुकीचं मराठी आवडायचं नाही. दोन प्रती काढल्या आणि शिपायाकडे दिल्या.

बाई त्यानंतर लॅबमध्ये आल्या नाहीत. शाळा सुटली की मी पहिली बस पकडायला लागलो. मे महिन्यात निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, दोन भाषणं, ज्यात त्यांच्या स्मरणशक्तीचं कौतुक कटाक्षाने टाळलं होतं. बाई उठून एवढंच म्हणाल्या, “नकाशे दुमडू नका,” आणि बसल्या. लोक हसले. मी शेवटच्या रांगेत होतो. जूनमध्ये मी कायम झालो.

पाच वर्षं मी पंचवटीत कितीदा गेलो असेन. भाजीला गेलो, पाहुण्यांना गंगाघाट दाखवायला गेलो. त्या गल्लीत वळलो नाही. लग्न झालं, मुलगी झाली. मग घरात नवीन कॉम्प्युटर घेतला आणि जुन्याचं काय करायचं असा प्रश्न आला. बायकोने सुचवलं, एखाद्या गरजूला देऊन टाका. मला कोण आठवलं ते मी तिला सांगितलं नाही. एका रविवारी सकाळी जुनी सीडी शोधून गेम त्यात घातला, मशीन रिक्षात टाकलं, रिक्षाच्या मागे स्कूटरवर निघालो आणि गल्लीतल्या दुकानात देवरे बाईंचं घर विचारून वर गेलो.

बाई वाळल्या होत्या. मला ओळखायला त्यांना अर्धा क्षणही लागला नाही. “या, सर,” म्हणाल्या, जसा मी कालच येऊन गेलो होतो. खोली स्वच्छ, एक खाट, एक टेबल, एकच खुर्ची. मी खाटेवर बसलो. पाण्याचा तांब्या पुढे यायच्या आधीच मी बोलायला लागलो. केबिनमधलं, पत्र टाइप केल्याचं, गेम काढून टाकल्याचं. मी वाक्यं पाठ करून गेलो होतो, पण ती सगळी पुढेमागे झाली.

बाईंनी ऐकून घेतलं. “पत्र तुम्हीच टाइप केलंत हे मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “एकही चूक नव्हती.”

“तुम्ही माझं नाव का नाही सांगितलंत, बाई? ते ऐकून घेणारे होते. तुम्हाला टेबल मिळालं असतं.”

“मिळालं असतं कदाचित. तुम्हाला काढलं असतं.” त्यांनी तांब्या माझ्याकडे सरकवला. “आणि प्रश्न मीच काढला होता, सर. पुस्तक न बघता.”

मग उठून मी मशीन टेबलावर मांडलं, वायरी जोडल्या. पडद्यावर नकाशा आला तेव्हा बाई खुर्ची ओढून जवळ सरकल्या आणि त्यांचं बोट आपोआप त्या डोंगराळ ठिपक्यावर गेलं. पहिल्या महिन्यातच त्यांनी शाळा काढायला घेतल्या. शेजारच्या राजाचा दूत आला. “उना का रे तू परत?” बाई त्याला म्हणाल्या. मी मोठ्याने हसलो, त्याही हसल्या. तासभर गेला. बाहेर भाजीवाल्यांचा गलका, खाली कोणाचातरी रेडिओ. मी घड्याळाकडे बघितलं. खरंच सांगतो, आवाज न करता बघितलं.

“तुम्ही निघा, सर,” बाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. “घरी वाट बघत असतील.”

“येतो मी अधूनमधून. तुम्ही खेळत राहा. आता कुलूप लावायला कोणी नाही.” मला फार हलकं वाटत होतं. एवढी वर्षं छातीवर होतं ते उतरलं, असं मनात म्हणत मी जिना उतरलो.

खाली आल्यावर लक्षात आलं, स्कूटरची किल्ली वरच राहिली. पाच मिनिटंही झाली नसतील. वर गेलो तर दार उघडंच होतं. मशीन बंद होतं. पडद्यावर धुतलेलं पांढरं फडकं अंथरलेलं होतं, चारी टोकं सरळ करून. बाई खुर्ची दाराकडे वळवून, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. हातात काही नव्हतं.

“बंद केलंत इतक्यात?” मी विचारलं. “तुमचा महिना तरी संपवायचा.”

“एकटीने काय खेळायचं?” त्या म्हणाल्या. “मला कुठे खेळाचं वेड होतं, सर? शाळेत तुम्ही दाराशी थांबलेले असायचात. माझं होईपर्यंत कोणीतरी थांबलंय, हे बरं वाटायचं. म्हणून मी एकेक महिना वाढवायची.”

त्यांनी हे तक्रारीने म्हटलं नाही, म्हणून ते जास्त लागलं. किल्ली खाटेवर पडली होती. मी ती उचलली. खाट रिकामी होती, बसायला जागा होती, घरी कोणी माझ्यावाचून अडलेलं नव्हतं. मी दोन मिनिटं उभा राहिलो आणि म्हणालो, “पुढच्या रविवारी नक्की येतो, बाई.”

“या,” त्या म्हणाल्या आणि मला सोडायला जिन्यापर्यंत आल्या.

पुढच्या रविवारी मुलीला ताप होता. त्याच्या पुढच्या रविवारी काय होतं ते मला आठवत नाही.